वस्तू पूज्य, पण शिक्षा नेमकी कशाची?

पुतळ्याची विटंबना झाली, असं नुसतं कानावर आलं तरी आपल्याकडे दुकानांची शटर खाली येतात. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, त्यानंतर ते शहर कसं धुमसलं हे आपण पाहिलं आहे. ‘विटंबना’ या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही.

हाच शब्द अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या फौजदारी कायद्यात आहे. त्याला तुरुंगवासाची शिक्षाही आहे. आणि तरी तिथे स्वतःच्या पैशांनी आणलेला राष्ट्रध्वज कुणी भर चौकात जाळला, तर केवळ त्या विटंबनेसाठी त्याला आत टाकता येत नाही. २५ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ध्वज जाळणाऱ्यांवर कारवाई करण्याच्या आदेशावर सही केली आणि हा जुना वाद पुन्हा वर आला. त्या आठवड्यात नात्यातल्या एका मावशींचा फोन आला. त्यांचा मुलगा ह्यूस्टनजवळ राहतो. त्यांनी विचारलं, “झेंडा जाळलेला चालतो म्हणे तिकडे. मग उद्या कुणी मंदिराच्या भिंतीवर काहीबाही खरडलं, तर तेही चालतं का रे?”

नाही, ते चालत नाही. पण का चालत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

## पन्नास राज्यं, पन्नास दंडसंहिता

आपल्याकडे भारतीय न्याय संहिता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच. अमेरिकेत चोरी, मारामारी, नासधूस असे रोजचे बहुतेक गुन्हे राज्याच्या कायद्यात येतात आणि प्रत्येक राज्याची दंडसंहिता निराळी. या संहितांमध्ये काही मेळ असावा म्हणून अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेपंडितांच्या संस्थेने १९६२ मध्ये एक नमुना दंडसंहिता तयार केली. तो नुसता मसुदा होता, त्याला कायद्याचं बळ नव्हतं. पण अनेक राज्यांनी त्यातली कलमं थोडाफार फरक करून उचलली.

त्यातलं एक कलम होतं पूज्य वस्तूंच्या विटंबनेचं. सार्वजनिक स्मारक, प्रार्थनास्थळ, दफनभूमी, राष्ट्रध्वज किंवा समाजातला मोठा वर्ग जिला पूज्य मानतो अशी वस्तू, यांची मुद्दाम विटंबना करणं म्हणजे गुन्हा. अलाबामा, केंटकी, टेनेसी, पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या कायद्यात याच घराण्यातली कलमं आजही आहेत. शिक्षा फार मोठी नाही. अलाबामा आणि केंटकीत एक वर्षापर्यंत, टेनेसीत वर्षाला एक दिवस कमी, पेनसिल्व्हेनियात दोन वर्षांपर्यंत. अमेरिकन कायद्यात गुन्ह्यांच्या दोन ढोबळ पायऱ्या असतात. ‘मिसडिमीनर’ म्हणजे हलका गुन्हा, ‘फेलनी’ म्हणजे गंभीर. विटंबना सहसा पहिल्या पायरीवर.

खरी गोम आहे ती ‘विटंबना’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत. टेक्सासच्या १९८४ मधल्या कायद्यात ती अशी होती: वस्तू विद्रूप करणं, तिचं नुकसान करणं किंवा तिला अशा रीतीने हाताळणं, की जे पाहणाऱ्याच्या किंवा ज्याला ते नंतर कळेल त्याच्या मनाला जबर ठेच लागेल, हे करणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे वस्तूला हात लावला एवढ्यावर गुन्हा पूर्ण होत नाही. तो पूर्ण होतो पाहणाऱ्याच्या मनात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

## डॅलसची ती दुपार

२२ ऑगस्ट १९८४. टेक्सासमधल्या डॅलस शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू होतं, रोनाल्ड रेगन यांना दुसऱ्यांदा उमेदवारी मिळायची होती. त्यांच्या धोरणांविरुद्ध शंभरेक निदर्शकांनी शहरातून मोर्चा काढला. वाटेत एकाने एका इमारतीसमोरच्या काठीवरचा राष्ट्रध्वज उतरवला आणि ग्रेगरी ली जॉन्सन या सोबत्याच्या हाती दिला. सिटी हॉलसमोर पोचल्यावर जॉन्सनने तो उलगडला, त्यावर रॉकेल ओतलं आणि पेटवला. भोवती घोषणा चालू होत्या. कुणाला इजा झाली नाही, कुणाला धमकी दिली गेली नाही. बघणाऱ्यांतल्या काहींना मात्र ते फार लागलं. तसं त्यांनी पुढे साक्षीत सांगितलंही.

शंभर जणांतून खटला भरला गेला एकट्या जॉन्सनवर, आणि कलम लावलं एकच: पूज्य वस्तूची विटंबना. ध्वज दुसऱ्याच्या काठीवरचा होता, पण चोरीचं कलम लागलं नाही. एक वर्ष कैद आणि दोन हजार डॉलर दंड झाला. त्या कलमाखाली एवढीच कमाल शिक्षा होती आणि ती पुरेपूर दिली गेली.

टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने शिक्षा रद्द केली. मग राज्य सरकार देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ जून १९८९ ला पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तिथेही हरलं. त्या एका निकालाने पन्नासपैकी अठ्ठेचाळीस राज्यांची ध्वजविटंबनेची कलमं लुळी पडली. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याच वर्षी घाईने देशपातळीवर नवा कायदा केला. पुढच्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द ठरवला, पुन्हा पाच विरुद्ध चारनेच.

## विसर्जन आणि विटंबना

न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यातला कळीचा मुद्दा अमेरिकन वाचकापेक्षा आपल्याला लवकर कळेल, असं मला वाटतं.

घरच्या गणपतीला आपण दीड दिवसाने, पाच दिवसांनी निरोप देतो. ज्या मूर्तीपुढे आरती केली, तीच स्वतःच्या हाताने पाण्यात सोडतो आणि ती विरघळून जाते. पाहणारे डोळे टिपतात, कुणी पोलिसात जात नाही. आता तशीच मूर्ती कुणी शिव्या देत गटारात भिरकावली, तर? माती तीच, पाणीही पाणीच, मूर्ती दोन्हीकडे नष्टच झाली. मग संताप कशाचा? कृतीतून जे सांगितलं गेलं त्याचा.

अमेरिकेच्या ध्वजाचं तंतोतंत असंच आहे. ध्वज जीर्ण झाला की त्याला सन्मानाने निरोप कसा द्यायचा, याबद्दल तिथल्या ध्वजसंहितेत लिहिलेलं आहे. शक्यतो जाळून. माजी सैनिकांच्या संघटना समारंभपूर्वक जुने ध्वज जाळतात. म्हणजे ध्वज जाळणं हा गुन्हा नव्हताच कधी. आदराने जाळणं हा संस्कार, निषेधाने जाळणं हा गुन्हा. मग कायदा शिक्षा कशाला देतोय? आगीला नाही, त्या आगीतून निघणाऱ्या मताला.

आणि मताला शिक्षा देता येत नाही, हे अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचं म्हणणं. १७९१ पासून ती तिथल्या राज्यघटनेचा भाग आहे. बोलणं, छापणं, जमाव करून गाऱ्हाणं मांडणं यांवर सरकारने बंधन घालू नये, असं ती सांगते. कृती करून मत मांडलं तरी न्यायालय अनेकदा त्याला बोलणंच मानतं. दंडावर काळी फीत बांधणारा तोंडाने काहीच बोलत नाही, पण तो काय म्हणतो ते सगळ्यांना कळतं, तसं. लोकांना एखादं मत चीड आणणारं वाटतं एवढ्यावर सरकारला ते बंद पाडता येत नाही, हा या घटनेचा पायाच आहे, असं ब्रेनन यांनी लिहिलं.

हा निकाल न्यायाधीशांनाही गोड लागलेला नव्हता. बहुमतातले न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी स्वतंत्र टिपण जोडलं. आम्हाला न आवडणारे निर्णयही आम्हाला द्यावे लागतात, कारण कायदा आणि घटना तेच सांगतात. आणि जे या ध्वजाचा तिरस्कार करतात त्यांचंही हा ध्वज रक्षण करतो, असा त्याचा आशय. दुसऱ्या बाजूला सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांनी दोनशे वर्षांचा इतिहास उभा केला, दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावरच्या डोंगरावर ध्वज रोवणाऱ्या सैनिकांसकट. ध्वज म्हणजे चार मतांतलं आणखी एक मत नाही, लाखो लोक त्याच्याकडे जवळजवळ भक्तिभावाने बघतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते विरोधी मतही खोटं वाटत नाही. ज्यांच्या घरी ध्वजात गुंडाळलेली शवपेटी आली, त्यांना ‘हे नुसतं कापड आहे’ असं कुणी सांगू नये.

## “भावना दुखावतात, हे नुकसान नाही का?”

आहे. न्यायालयानेही ते नाकारलं नाही. अडचण मोजमापाची आहे, आणि माप कुणाच्या हातात द्यायचं याची.

शेजाऱ्याने तुमची कुंडी फोडली, तर काय फुटलं ते दिसतं, किंमत सांगता येते. ‘त्याने माझं मन फोडलं’ असं म्हटलं, की पुरावा एकाच माणसाकडे उरतो. वर टेक्सासच्या व्याख्येत तर पाहणाऱ्याला काय वाटेल यावरच गुन्हा बेतलेला. मग ज्याला जास्त राग येतो त्याच्या वस्तूला जास्त संरक्षण. समजूतदारपणे गप्प बसणाऱ्याची वस्तू उघडी पडते, आणि रस्त्यावर उतरणाऱ्याची कडेकोट सुरक्षित राहते.

शांतता भंगेल, हाही युक्तिवाद टेक्सासने केला होता. न्यायालयाने विचारलं, त्या दिवशी भंगली का? नव्हती. आणि भंगली असती तर त्यासाठी वेगळा कायदा होताच.

पेनसिल्व्हेनियातलं २०१४ चं एक प्रकरण इथे आठवतं. एका अल्पवयीन मुलाने दुसऱ्यांच्या आवारातल्या येशूच्या पुतळ्याशी अश्लील चाळे करतानाचे फोटो काढून फेसबुकवर टाकले. पुतळ्याला ओरखडाही नव्हता. तरी त्याच्यावर पूज्य वस्तूच्या विटंबनेचं कलम लागलं आणि प्रकरण समाजसेवेचे तास वगैरे अटींवर मिटलं. मुलाने केलं ते किळसवाणं होतं, यात मला शंका नाही. पण ते कलम सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं असतं, तर ध्वजाच्या कलमाचं जे झालं तेच त्याचं झालं असतं, असं मला वाटतं.

## मग मंदिराच्या भिंतीचं काय?

आता मावशींच्या प्रश्नाकडे.

डॅलसच्या निकालात एक तळटीप आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ब्रेनन यांनी तिथे स्पष्ट केलं, की मत मांडण्यासाठी वापरला म्हणून कुणी ध्वज चोरायला मोकळा होतो, असा या निकालाचा अर्थ काढू नये. सगळा उलगडा इथे आहे. अमेरिकेतला कायदा आज पहिला प्रश्न विचारतो: वस्तू कुणाची? तुमचा ध्वज, तुमचं पुस्तक, तुमची मूर्ती असेल तर तिचं काय केलंत यावरून तुमच्या मताला शिक्षा द्यायचा अधिकार राज्याला नाही. दुसऱ्याची असेल, तर तुमचं मत कितीही थोर असो, हात लावायचा नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ रिचमंड हिल भागात तुलसी मंदिराबाहेरचा महात्मा गांधींचा पुतळा घणाचे घाव घालून फोडला गेला. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात चिनो हिल्सच्या स्वामीनारायण मंदिराच्या भिंतींवर द्वेषाचा मजकूर लिहिलेला सापडला. यांपैकी कशालाही पहिल्या घटनादुरुस्तीचं छत्र नाही. कॅलिफोर्नियात प्रार्थनास्थळाच्या नासधुशीचं स्वतंत्र कलम आहे. एक वर्षापर्यंत किंवा त्याहून जास्तही कैद होऊ शकते, आणि धर्मद्वेषातून, लोकांना धमकावून धर्माचरणापासून दूर ठेवण्यासाठी केलं असेल तर तीच गोष्ट फेलनी ठरते. टेक्सासमध्ये, म्हणजे मावशींच्या मुलाच्या राज्यात, प्रार्थनास्थळाच्या भिंतीवर रंगाने खरडलं आणि नुकसान ७५० डॉलर किंवा जास्त निघालं, तर गुन्हा फेलनीच्या पायरीवर चढतो आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साध्या दुकानाच्या भिंतीवर तेवढंच नुकसान केलं तर शिक्षा कमी. म्हणजे राज्य मंदिराला, चर्चला, कबरीला जास्त जपतं. पण जपतं ते कुणाचं तरी स्थान म्हणून. याशिवाय केंद्राचा कायदा आहे. दक्षिणेकडची कृष्णवर्णीयांची चर्चं एकामागून एक पेटवली गेली, त्यानंतर १९९६ मध्ये तो कडक केला गेला. धर्मस्थळाला त्याच्या धर्मामुळे केलेली इजा त्यात येते.

इथे कुणी म्हणेल, द्वेषासाठी शिक्षा वाढवली, म्हणजे पुन्हा विचारालाच शिक्षा झाली की! हा आक्षेप १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि तो एकमताने फेटाळला गेला. गुन्हा आधी हातून घडलेला असतो. तो का केला, हे न्यायाधीश शिक्षा ठरवताना नेहमीच बघतात. भुकेपोटी पाव उचलणारा आणि सूड म्हणून दुकान लुटणारा यांना आपणही एका मापाने मोजत नाही.

धमकीचंही वेगळं. लाकडी क्रूस पेटवणं ही कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी टोळीची कृष्णवर्णीयांना घाबरवण्याची जुनी खूण. मिनेसोटात सेंट पॉल शहरात काही तरुणांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या कुंपणात शिरून असा क्रूस पेटवला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा द्वेषाच्या खुणांवर बंदी घालणारा त्या शहराचा नियम रद्द केला, कारण तो काही ठरावीक मतांनाच निवडून शिक्षा देत होता. पण जाळपोळीचं, धमकीचं, मालमत्तेच्या नुकसानीचं कलम लावता आलं असतं, हेही सांगितलं. पुढे २००३ मध्ये, कुणाला भयभीत करण्याच्या हेतूने क्रूस पेटवला तर राज्य शिक्षा देऊ शकतं, असा निकाल आला.

## रद्द झालेली कलमं पुस्तकात का?

न्यायालय एखादं कलम घटनाबाह्य ठरवतं, तेव्हा ते कायद्याच्या पुस्तकातून आपोआप पुसलं जात नाही. ते काढायचं काम विधिमंडळाचं, आणि ‘ध्वजाच्या रक्षणाचं कलम काढा’ असा ठराव मांडून निवडणुकीला कोण उभा राहणार? म्हणून ती कलमं पडून राहतात. बंद पडलेल्या घड्याळासारखी भिंतीवर टांगलेली. पण नव्या पोलिसाला ते घड्याळ चालू वाटतं. टेक्सासनेच १९८९ नंतर ध्वजाच्या नासाडीचं नवं कलम केलं होतं. त्याखाली अटक झालेल्या एका तरुणाच्या प्रकरणात २०१५ साली त्याच राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने तेही घटनाबाह्य ठरवलं. त्याने फेकलेला ध्वज एका दुकानाचा होता. नुकसानीचं साधं कलम लावलं असतं, तर राज्याची बाजू कितीतरी भक्कम राहिली असती.

घटनाच बदलायचे प्रयत्नही झाले. २००६ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, ६७ मतं हवी होती, ६६ मिळाली.

## ट्रम्प यांच्या आदेशाने काय बदललं?

सही करताना ट्रम्प यांनी ध्वज जाळणाऱ्याला एक वर्ष तुरुंग, असं बोलून दाखवलं. पण लेखी आदेशात असा नवा गुन्हा नाही, आणि असूही शकत नाही, कारण राष्ट्राध्यक्षाला एकट्याने गुन्हा निर्माण करता येत नाही. ध्वज जाळताना दुसरा एखादा कायदा मोडला गेला, जसं उघड्यावर आग लावण्यावरची बंदी किंवा मालमत्तेचं नुकसान, तर त्याचा पाठपुरावा करा, असं त्यात सरकारी वकिलांना सांगितलं आहे.

आपल्या लोकांनी मात्र त्यातला एक परिच्छेद नीट वाचावा. परदेशी नागरिकाने अशी कृती केली, तर कायदा जिथे परवानगी देतो तिथे व्हिसा नाकारणं, रद्द करणं, नागरिकत्वाच्या प्रक्रियेत अडथळा आणणं, असे उपाय करायला आदेशात सांगितलं आहे. तुरुंग आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकायला गेलेल्या किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्या मुलाला तुरुंग झाला नाही तरी विमानाचं परतीचं तिकीट काढावं लागू शकतं. अमेरिकन वर्गमित्राला जे पचेल ते आपल्याला पचेलच, असं धरून चालू नये.

## आणि आपल्याकडे?

आपण दुसरी वाट धरली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ मध्ये, जुन्या कलम २९५ मध्ये, लोकांचा एखादा वर्ग पवित्र मानतो अशी वस्तू धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने नष्ट करणं किंवा भ्रष्ट करणं याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राष्ट्रध्वजासाठी १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत.

वस्तू कुणाची, हा प्रश्न इथे निर्णायक नाही. १९५३ मध्ये पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी तिरुचिरापल्लीत जाहीर सभेत मातीची गणेशमूर्ती फोडली. खालच्या न्यायालयांनी म्हटलं, प्राणप्रतिष्ठा न झालेली, बाजारात मिळते तशी ही मूर्ती. गणेशासारखी दिसते म्हणून ती पवित्र होत नाही. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ फार संकुचित ठरवला. वस्तू क्षुल्लक असो, तिची पूजा झालेली असो वा नसो, लोकांचा एखादा वर्ग तिला पवित्र मानत असेल तर ती या कलमात येते, असं सांगितलं. मात्र मधे बराच काळ गेल्यामुळे खटला पुन्हा चालवायला नकार दिला.

दोन्ही देशांत लोकशाही आहे, दोन्हीकडे लोक आपापल्या वस्तूंसाठी जीव टाकतात. आपल्याकडे दंगलीचा इतिहास मोठा आहे आणि आपला कायदा त्या भीतीतून आला आहे. ती भीती खोटी नाही. पण कुणाला जास्त राग येतो यावर पोलीस ठाण्याची तत्परता ठरते, हेही आपण बघतोच, आणि मला त्याचा त्रास होतो.

## “मग ज्याचं मन दुखावलं त्याने करायचं काय?”

मावशींनी शेवटी हेच विचारलं. त्यांना मी डॅलसच्या त्याच निकालात नोंदलेली गोष्ट सांगितली. त्या दुपारी ध्वज जळताना पाहणाऱ्यांत एक माणूस होता. निदर्शक निघून गेल्यावर तो पुढे आला, जळक्या कापडाचे उरलेले तुकडे त्याने वेचले, घरी नेले आणि आपल्या परसात पुरले.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “निर्माल्यासारखं.”